स्पंजाच्या आतलं पाणी: प्रयोगशाळेच्या वहीतून

९ फेब्रुवारी

पाझर तलावाचं पाणी बरंच खाली गेलंय. सांडव्याजवळचे दगड उघडे पडलेत, त्यामुळे काम सोपं झालं. दगड उलटा केला की खालच्या अंगाला राखाडी-मातकट पापुद्रा दिसतो, तोच स्पंज. बुडालेल्या बाभळीच्या फांदीवर मात्र चांगला मुठीएवढा गोळा मिळाला. त्याची उन्हाकडची बाजू हिरवट होती, पेशींत शेवाळ राहतं म्हणून. वास उग्र. हातमोजे घालूनच हात लावायचा. स्पिक्यूल (स्पंजाच्या सांगाड्यातल्या बारीक सुया) कातडीत शिरले की रात्रभर खाज थांबत नाही. खात्री करायची असेल तर माझ्या जोडीदाराला, ओंकारला विचारा.

फांदीवरचा गोळा मोडला तर आत पिवळट दाणे निघाले, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे. हे जेम्यूल. तलाव आटला, स्पंज मेला, तरी हे टिकून राहतात आणि पुन्हा पाणी आलं की त्यांतून नवा स्पंज उगवतो. आमचा सगळा प्रकल्प या दाण्यांवर आहे. मोठ्या स्पंजाच्या आत काही दिसत नाही, तो अपारदर्शक असतो. जेम्यूलमधून काचेवर उगवलेला स्पंज इतका पातळ असतो की सूक्ष्मदर्शकाखाली आरपार बघता येतो.

प्रकल्पाच्या फॉर्मवर विषय लिहिला: 'गोड्या पाण्यातील स्पंजाची नालिका संस्था'. पाणी कुठून शिरतं, कुठे मंदावतं आणि कुठून बाहेर पडतं, हे जिवंत प्राण्यात बघायचं.

१० फेब्रुवारी

ओळख पटवली. तुकडा नायट्रिक ॲसिडमध्ये उकळला (फ्यूम हूडमध्ये, प्रयोगशाळा सहायक मामांच्या देखरेखीखाली, मामा असल्याशिवाय मॅडम ॲसिडच्या बाटलीला हात लावू देत नाहीत). पेशी गेल्या, सिलिकाचे स्पिक्यूल उरले. गुळगुळीत, किंचित वाकलेले, दोन्ही टोकांना अणकुचीदार. जेम्यूलभोवती हवेच्या बारीक बहुकोनी कप्प्यांचा जाड थर. युनॅपियस कार्टेरी.

'कार्टेरी' म्हणजे हेन्री जॉन कार्टर. मुंबईत नोकरीला असलेला लष्करी डॉक्टर. मुंबई बेटावरच्या तळ्यांतले गोड्या पाण्याचे स्पंज त्याने गोळा केले आणि १८४९ मध्ये त्यांचं वर्णन छापलं. आपल्याला काल सापडलेल्या जातीला पुढे १८६३ मध्ये इंग्रज स्पंज-अभ्यासक बोअरबँकने त्याचं नाव दिलं. कार्टर नुसता नावं देऊन थांबला नाही. त्याने जेम्यूलांपासून छोटे स्पंज वाढवले, पाण्यात रंगाचे कण सोडले आणि ते कण शरीरातल्या गोल पिशव्यांत जाऊन बसतात हे पाहिलं. १८५७ च्या लेखात त्याने त्या पिशव्यांचं वर्णन केलंय. आज आपण ज्यांना कॉलर पेशींचे (चाबकासारख्या तंतूभोवती कॉलर असलेल्या पेशींचे) कप्पे म्हणतो तेच हे. म्हणजे आम्ही जे करायला निघालोय ते मुंबईत एकाने पावणेदोनशे वर्षांपूर्वीच, आमच्या विभागातल्या सूक्ष्मदर्शकापेक्षा कितीतरी साध्या यंत्रावर केलं होतं. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "मग तुम्हाला सबब उरली नाही."

१३ फेब्रुवारी

आज कपाटातली जुनी 'सायकॉन, टी.एस.' ही स्लाइड काढली, म्हणजे सायकॉन या स्पंजाचा आडवा छेद. प्रत्येक कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात असते ती. रंग उडालाय, बाल्सम पिवळा पडलाय, पण मधली पोकळी आणि तिच्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या मांडलेल्या नळ्या स्पष्ट दिसतात.

पुस्तकातला धडा पुन्हा वाचला. तीन प्रकार. ॲस्कॉन: साधी नळी, भिंतीला छिद्रं, आतल्या पोकळीलाच कॉलर पेशींचं अस्तर. सायकॉन: भिंत दुमडलेली, कॉलर पेशी फक्त दुमडीतल्या नळ्यांत. ल्युकॉन: नळ्यांचेही कप्पे झाले, मधली पोकळी जवळपास संपली, त्या जागी गुंतागुंतीच्या नालिकांचं जाळं. ही नावं जर्मन प्राणिशास्त्रज्ञ हेकेलने १८७२ मध्ये चुनखडी स्पंजांवर काम करताना रूढ केली.

माझी तक्रार अशी की तिन्ही आकृत्या एकाच पानावर डावीकडून उजवीकडे छापतात. बघणाऱ्याला वाटतं की ही शिडी आहे आणि प्रत्येक स्पंज या पायऱ्या चढतो. तसं नाही. बहुतेक स्पंज ल्युकॉनच असतात. गोड्या पाण्यातले तर सगळेच. जेम्यूलमधून निघणारा स्पंज आधी ॲस्कॉन, मग सायकॉन असं काही करत नाही, थेट कप्पेच बांधतो. हे आपल्याला काचेवर दाखवता येईल.

दुसरी तक्रार बाणांची. पुस्तकात पाण्याचे बाण आत येताना जेवढे जाड, कप्प्यात तेवढेच जाड, बाहेर पडतानाही तेवढेच. वेग कुठेच दाखवलेला नाही. पाणी सगळीकडे एकाच वेगाने गेलं असतं तर एवढं जाळं बांधायची गरज काय होती, हा प्रश्न मला बारावीतच पडला होता. तेव्हा उत्तर मिळालं होतं, "परीक्षेत विचारत नाहीत."

१८ फेब्रुवारी

जेम्यूल सुटे केले, धुतले, १ टक्का हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये पाच मिनिटं ठेवले, पुन्हा धुतले. न धुता ठेवले तर बुरशी येते. नळाचं पाणी चालत नाही, क्लोरिन. माध्यम आम्हीच बनवलं: कॅल्शियम क्लोराइड, मॅग्नेशियम सल्फेट, सोडियम बायकार्बोनेट, पोटॅशियम क्लोराइड आणि सोडियम मेटासिलिकेट. सिलिकेट विसरायचं नाही, त्याशिवाय स्पिक्यूल बनणार नाहीत.

पेट्री डिशमध्ये कव्हरस्लिपवर एकेक जेम्यूल. काहींवर दुसरी कव्हरस्लिप टेकवून सँडविच केलं, स्पंज दोन काचांमध्ये चपटा वाढेल आणि नालिका बघता येतील म्हणून. उरलेले जेम्यूल फ्रिजमध्ये. डिश अंधारात.

२२ फेब्रुवारी

फुटले! जेम्यूलच्या कवचाला एक छोटं दार असतं, तिथून पेशी बाहेर सरकून काचेवर पसरल्यात. कडेने काचेसारखा पारदर्शक पातळ पडदा. पाण्याची हालचाल अजून शून्य. कार्मिन या लाल रंगाचा कण टाकला तर पडला तिथेच राहतो.

२५ फेब्रुवारी

कप्पे दिसायला लागले. गोल, ३० ते ४० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), गुच्छांनी. आधी काही पेशी विभागून कप्पे तयार होतात, मग ते नालिकांना जोडले जातात. मोठ्या भिंगाखाली कप्प्याच्या आत थरथर दिसते. कशाभिका, म्हणजे पेशींचे चाबकासारखे तंतू, हलताहेत, पण कुठे पाणी जाण्याचा रस्ता पुरा झालेला नाही.

२८ फेब्रुवारी

मुख तयार झालं. पडद्यातून वर निघालेली बारीक, पारदर्शक धुराडी, टोकाला उघडी. याला ऑस्क्युलम म्हणतात. बाजूने दिवा धरल्याशिवाय दिसतच नाही. ओंकारने डिश हलवली तर धुराडी आक्रसली आणि बऱ्याच वेळाने पुन्हा उभी राहिली. नोंद करून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल.

२ मार्च

आजचा दिवस कार्मिनचा. अगदी थोडी पूड पाण्यात मिसळली, ड्रॉपरने स्पंजापासून थोड्या अंतरावर एक थेंब सोडला आणि डोळा लावला.

पहिल्यांदा काही होत नाही असं वाटतं. लाल कण पाण्यात तरंगत राहतात. मग लक्षात येतं की पडद्याजवळचे कण हळूहळू खाली झुकताहेत. पृष्ठभागावरच्या छिद्रांकडे एकेक कण सरकतो आणि अचानक दिसेनासा होतो; छिद्रातून आत गेलेला असतो. ही छिद्रं म्हणजे ऑस्टिया. आपल्या स्पंजात ती एकेका पेशीतूनच आरपार पडलेली असतात आणि गरजेप्रमाणे बंदही होतात. आत गेलं की पडद्याखाली मोकळी जागा. तिथून आत नेणाऱ्या नालिका, त्यांना फाटे, फाट्यांना कप्पे. सँडविच केलेल्या स्पंजात हे अगदी स्वच्छ दिसलं. कण नालिकेतून आरामात पुढे येतो, कप्प्याशी येऊन अडकतो, तिथेच बसतो. दहा-पंधरा मिनिटांत कप्पे गुलाबी दिसायला लागले. नालिका बहुतेक रिकाम्या, कप्पे रंगलेले. कार्टरने नेमकं हेच पाहिलं असणार.

मग धुराडीकडे वळलो. कप्प्यांनी न पकडलेले थोडे कण तिथून बाहेर पडत होते, पण आत शिरताना रेंगाळत आलेले हे कण बाहेर पडताना सुसाट. धुराडीच्या टोकाला एक सरळ धार, स्पंजाच्या स्वतःच्या उंचीपेक्षा कितीतरी वर जाणारी. मामांनाही बोलावून दाखवलं. बराच वेळ डोळा लावून होते. म्हणाले, "याला पंप कुठाय?"

हाच प्रश्न स्कॉटिश प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रँटलाही पडला होता. १८२५ च्या सुमारास एडिंबराजवळच्या किनाऱ्यावरचा जिवंत स्पंज त्याने काचेच्या वाटीत घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मुखातून सतत उसळणारी धार पाहिली. स्पंज वनस्पती की प्राणी, हा वाद तेव्हा चालू होता. धार तर दिसते, पण ती ढकलणारं काही सापडेना. पंप नीट कळायला आणखी चाळीसेक वर्षं गेली. अमेरिकन हेन्री जेम्स-क्लार्कने १८६० च्या दशकात स्पंजातली कॉलर असलेली पेशी दाखवली आणि ती पाण्यातल्या एका एकपेशीय जिवासारखी हुबेहूब आहे हेही सांगितलं. मामांना उत्तर दिलं: पंप एक नाही, त्या गुलाबी ठिपक्यांत पेशीपेशीला एक आहे.

३ मार्च

काल जे डोळ्यांनी पाहिलं त्याचं गणित आज मांडलं. आपल्या छोट्या स्पंजावर वेग मोजण्याची साधनं आपल्याकडे नाहीत, म्हणून बिडर या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये मांडलेले आकडे घेतले. प्राणी समुद्रातला चुनखडी स्पंज, पण रचना ल्युकॉनच.

उंची १० सेमी, जाडी १ सेमी. दिवसाला २२.५ लिटर पाणी. आत नेणाऱ्या नालिका सुमारे ८१,०००. कप्पे २० लाखांहून जास्त. नालिकांत वेग सेकंदाला ०.१ सेमी, कप्प्यांत ०.००१ सेमी, मुखातून बाहेर पडताना ८.५ सेमी.

२२,५०० घनसेमीला ८६,४०० सेकंदांनी भागलं तर सेकंदाला ०.२६ घनसेमी. पाणी मध्ये कुठे साठत नाही, म्हणजे प्रत्येक टप्प्यातून एका सेकंदात तेवढंच गेलं पाहिजे. म्हणून वेगाने भागलं की त्या टप्प्याच्या सगळ्या वाटांचं एकत्रित क्षेत्रफळ मिळतं:

मुख: ०.०३ चौ. सेमी, म्हणजे २ मिमी व्यासाचं एक भोक.
नालिका: २.६ चौ. सेमी.
कप्पे: २६० चौ. सेमी, म्हणजे १६ सेमी बाजूच्या चौरसाएवढं.

बोटाएवढ्या प्राण्यात! ओंकारने कॅल्क्युलेटरवर पुन्हा करून पाहिलं, तेच आलं.

मुळात घोटाळा होतो तो इथे. बागेच्या पाइपाचं तोंड दाबलं की पाणी जोरात येतं, हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून वाटतं की बारीक छिद्रांतून पाणी जोरात जात असेल. एकाच छिद्रातून जायचं असतं तर गेलंही असतं. पण छिद्रं लाखो आहेत, आणि हिशोब एका छिद्राचा नाही, सगळ्यांच्या बेरजेचा. कालव्याचं पाणी चारीत आलं, चारीतून पोटचारीत, तिथून एकदम पन्नास वाफ्यांत सोडलं की वाफ्यात ते कसं सावकाश पसरतं? मातीत मुरायला त्याला वेळ मिळतो. कप्प्यांत तेच होतं. सेकंदाला ०.००१ सेमी म्हणजे १० मायक्रॉन. ५० मायक्रॉनचा कप्पा ओलांडायला पाण्याला ५ सेकंद लागतात. एवढ्या वेळात कॉलर पेशी त्यातले जिवाणू धरू शकते. मुखातल्या वेगाने पाणी आलं असतं तर तोच कप्पा सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत पार झाला असता.

आणि मुखाशी उलट. तिथे सगळं पाणी एका भोकात गोळा होतं, म्हणून वेग ८,५०० पट. हा वेगही फुकट नाही. बाहेर पडणारं पाणी गाळून रिकामं झालेलं असतं, त्यात प्राणवायू कमी आणि मलद्रव्यं जास्त. ते जवळच रेंगाळलं तर स्पंज स्वतःचंच उष्टं पाणी पुन्हा आत घेईल. धारेने ते लांब फेकावं लागतं. बिडरचा भर या मुद्द्यावरच होता: स्पंजाचा आकार असा हवा की टाकलेलं पाणी दूर जाईल आणि घ्यायचं पाणी ताजं मिळेल. स्थिर पाण्यातल्या स्पंजांच्या बाबतीत तर हे फारच खरं.

प्रबंधात आकृती काढायची तर बाणांची लांबी वेगाप्रमाणे काढणार. प्रमाणात काढली तर मुखाचा बाण कागदात मावणार नाही, म्हणून लॉगरिथमिक पट्टी (प्रत्येक टप्प्याला दहापट) घ्यावी लागेल. मॅडमना विचारायचं आहे.

७ मार्च

ऑइल इमर्शनवर (सगळ्यात मोठ्या भिंगाखाली) कप्पा पाहिला. कॉलर पेशींची गोलाकार मांडणी, प्रत्येकीची कशाभिका कप्प्याच्या आतल्या बाजूला. एका तालात हलत नाहीत, प्रत्येकीचं स्वतंत्र चालू. कॉलर आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली पुसट वर्तुळ म्हणूनच दिसते. ती खरं तर बारीक बोटांसारख्या उंचवट्यांचं कुंपण असते आणि दोन बोटांमधली फट मायक्रॉनच्या दहाव्या भागाहूनही कमी. एवढं बारीक आमच्या यंत्राला वेगळं दाखवता येत नाही, त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

पाणी बाहेरून या कुंपणाच्या फटींतून आत शिरतं आणि कॉलरच्या वरच्या उघड्या तोंडातून कप्प्यात पडतं. जिवाणू फटीत अडकतात, खाली सरकतात, पेशी त्यांना गिळते. मोठे कण इथपर्यंत येतच नाहीत. त्यांना नालिकांच्या भिंतीतल्या पेशी आणि आतल्या फिरत्या पेशी उचलतात.

सगळ्यात बारीक फट इथेच, म्हणजे सगळ्यात जास्त अडथळाही इथेच. कशाभिकेचा जोर तो केवढा. पाणी इथे मंद असतं म्हणूनच तिला हे झेपतं.

१२ मार्च

स्पंज शिंकतो का, हे बघायचं होतं. शास्त्रीय लेखांतही लोक हाच शब्द वापरतात. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात इलियट आणि लेज यांनी २००७ मध्ये एफिडेशिया या गोड्या पाण्याच्या स्पंजावर याचं काम छापलं. चेतासंस्था नाही, स्नायू नाहीत, तरी अख्खा प्राणी ठरावीक क्रमाने फुगतो आणि आक्रसतो.

आम्ही चांगली पातळ केलेली काळी शाई सोडली. कार्मिनपेक्षा शाईचे कण खूप बारीक, नालिकांत गोळा होतात. सुरुवातीला काही नाही, शाई आत जात राहिली. मग बाहेर नेणाऱ्या नालिका हळूहळू जाड दिसू लागल्या. वाटलं आपल्याला भास होतोय, म्हणून दर मिनिटाला मोबाइलने फोटो काढले. फोटो एकामागून एक लावल्यावर शंका उरली नाही: आत नेणाऱ्या नालिका बारीक झाल्या होत्या आणि बाहेर नेणाऱ्या फुगल्या होत्या. त्यानंतर फुगलेल्या नालिका आक्रसल्या, धुराडी लांब झाली आणि तिच्यातून शाईचा काळा गोळा बाहेर पडला. सगळं आटपायला चहा पिऊन येण्याइतका वेळ लागला. (चहाला कुणी गेलं नाही.)

२८ फेब्रुवारीला डिश हलवल्यावर धुराडी आक्रसली होती, ती याच प्रकारची प्रतिक्रिया. लेज यांच्याच गटाने २०१४ मध्ये दाखवलं की मुखाच्या आतल्या भिंतीवर छोट्या, न हलणाऱ्या लोमिका (केसासारखे तंतू) असतात आणि स्पंजाला प्रवाहाची जाणीव त्यांच्यामार्फत होते. सगळं पाणी जिथे एकत्र येतं तिथेच मोजणी, हे पटण्यासारखं आहे. आत काय बिघडलंय हे तिथल्या वेगावरून कळतं.

कॅरिबियनमधल्या ॲप्लिसिना आर्चेरी नावाच्या नळीसारख्या स्पंजाची तऱ्हा आणखी वेगळी. २०२२ च्या लेखानुसार तो कचरा चिकट पदार्थात गुंडाळून आत येण्याच्या छिद्रांतूनच, प्रवाहाच्या उलट दिशेने, पृष्ठभागावर आणून टाकतो. आपल्या स्पंजात तसं काही दिसलं नाही.

१६ मार्च

रात्री लाईट गेली, एसी बंद, खोली तापली. चार डिशमधले स्पंज पांढरे पडून विरघळले. सँडविचमधले दोन तगले. फ्रिजमध्ये जेम्यूल शिल्लक आहेत, नव्याने लावले.

२१ मार्च

वाहत्या पाण्याचा प्रश्न राहिला होता. ड्यूक विद्यापीठातल्या स्टीव्हन व्होगेल यांनी १९७७ मध्ये जिवंत स्पंजांवर मोजमाप करून दाखवलं की बाहेर प्रवाह असेल तर स्पंजातून जाणारं पाणीही वाढतं. तळाशी प्रवाह मंद असतो, थोडं वर जोराचा. मुख उंचावर, छिद्रं खाली. वरून वेगाने जाणारं पाणी मुखातलं पाणी ओढून घेतं, कशाभिकांचं ओझं तेवढं हलकं होतं. आमच्या तलावात प्रवाह जवळपास नाहीच, तिथे सगळी भिस्त पंपावर. नदीपात्रातल्या दगडांवरचे स्पंज आणून तुलना करायला हवी, पण ते पुढच्या बॅचने करावं. मुदत संपत आलीय.

४ एप्रिल

तोंडी परीक्षा झाली. बाणांची आकृती बहिस्थ परीक्षकांना आवडली, लॉगरिथमिक पट्टीवरून मात्र पाच मिनिटं उलटतपासणी केली. मग म्हणाले, "एवढं नालिका नालिका करता, नालिकाच नसलेला स्पंज आहे का?"

आहे. १९९५ मध्ये व्हासले आणि बुरी-एस्नो यांनी भूमध्य समुद्रातल्या एका गुहेतला ॲस्बेस्टोप्लुमा जाहीर केला. त्याच्यात ना ऑस्टिया, ना कप्पे, ना कॉलर पेशी. लांब तंतूंवर आकड्यासारखे स्पिक्यूल असतात, त्यांत छोटे कवचधारी प्राणी अडकतात. त्याचे भाईबंद बहुतेक खोल समुद्रात राहतात. तिथे पाण्यात गाळण्यासारखं अन्नच इतकं कमी की दिवसभर पंप चालवणं परवडणार नाही.

"मग त्याला स्पंज कशावरून म्हणायचं?"

स्पिक्यूलांवरून, म्हटलं. शिवाय पोट त्यालाही नाही. शिकार अडकली की आजूबाजूच्या पेशी सरकत येऊन तिला वेढतात आणि प्रत्येक पेशी आपापला घास आतल्या आत पचवते. कॉलर पेशीने धरलेला जिवाणूही असाच पेशीच्या आत पचतो. पंप सोडून दिला तरी पचनाची पद्धत तीच राहिली.

त्यांनी वहीवर सही केली आणि मामांना विचारलं, शिंकणारा स्पंज अजून डिशमध्ये आहे का.